भट्टी हटवा!

मी दारू पीत नाही. हे वाक्य आमच्या भंडाऱ्यात कुणी विचारल्याशिवाय उच्चारू नये, कारण न विचारता ते उच्चारणारा गृहस्थ बहुधा नुकताच घेऊन आलेला असतो. तरीही मी ते सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. पुढं मला एका भट्टीबद्दल चार शब्द लिहायचे आहेत, आणि ते वाचून "मास्तर निवृत्त झाले आणि बिघडले" असा समज होण्याचा संभव आहे. मास्तर बिघडलेले नाहीत. मास्तर चिडलेले आहेत.

भट्टी म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला आधी सांगितलं पाहिजे. तिकडे भट्टी म्हटली की लोहाराची, विटांची, फार तर चणे-फुटाण्यांची. आमच्या विदर्भात सरकारमान्य देशी दारूच्या दुकानाला भट्टी म्हणतात. तिथं काहीही उकळत नाही की गाळलं जात नाही. एक खिडकी असते, खिडकीला गज असतात, गजाआड एक माणूस असतो, आणि त्याच्यामागे बाटल्यांची खोकी. माल ट्रकमधून येतो आणि माणसांतून जातो. पण नाव भट्टीच.

आमच्या वॉर्डातली भट्टी माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. शाळेत जाताना आम्ही तिच्यावरून नाक धरून धावत जायचो. पुढं मी मास्तर झालो आणि नाक न धरता, पण नजर जमिनीवर ठेवून जाऊ लागलो, कारण खिडकीशी उभे असलेले निम्मे लोक माझ्या विद्यार्थ्यांचे बाप होते आणि काही वर्षांनी तर विद्यार्थीच होते. ते बिचारे मला पाहून हातातला ग्लास पाठीमागे लपवून "नमस्कार गुर्जी" म्हणायचे. वर्गात ज्यांनी कधी हात वर केला नाही, त्यांनी तिथं मला दोन्ही वेळा नमस्कार केला.

तर गेल्या पावसाळ्यात या भट्टीविरुद्ध आमच्या वॉर्डात सभा भरली. सभा नव्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये होती. अपार्टमेंट होऊन फार वर्षं झालेली नाहीत. भट्टी तिथं होती म्हणूनच प्लॉट स्वस्तात मिळाला होता. आता भट्टी तिथं आहे म्हणून फ्लॅटला भाव येत नव्हता. अर्थात सभेत भावाचा विषय कुणी काढला नाही. सभेत विषय निघाला तो संस्कारांचा. मुलांवर काय परिणाम होतो, आयाबहिणींना जाता-येता कसं अवघडल्यासारखं होतं, आपली संस्कृती काय, आपला वॉर्ड कुठं चालला आहे. एक साहेब तर इतक्या तळमळीनं बोलले की त्यांचा चहा गार झाला. ठराव एकमतानं मंजूर झाला: भट्टी हटवा! ती वस्तीतून काढून गावाबाहेर न्या! आणि अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं. "गुर्जी, तुमची भाषा कडक आहे."

सभा संपल्यावर काही मंडळी श्रमपरिहारासाठी गेली. कुठं? तर भट्टीपासून दोनशे पावलांवर निळ्या दिव्यांचं एक 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' आहे, तिथं. संस्कारांवर बोलून घसा कोरडा पडलेला होता, त्याला इलाज नव्हता.

मी घरी येऊन कागद घेतला. "प्रति, मा. जिल्हाधिकारी साहेब. विषय: भट्टी हटविण्याबाबत. महोदय..." इथपर्यंत लेखणी सरसर चालली. मग पार्श्वभूमी. कडक अर्जाला पार्श्वभूमी लागते. नुसतं 'हटवा' म्हटलं तर कारकून फाइल हटवतो. आणि त्या पार्श्वभूमीतच मी अडकलो.

माझे आजोबा साकोलीकडचे. ते सांगायचे की आपल्या झाडीपट्टीत चैत्र आला की पंचांग बघावं लागत नाही, नाकालाच कळतं. मोह फुलतो. पहाटे अंधारात फुलं टपटप गळतात. पिवळसर, रसाळ, गोड. बायाबापड्या उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उशीर केला तर गुरं, हरणं, अस्वलं आधीच हजेरी लावून जातात. फुलं अंगणात वाळवायची. ती भाजून खायची, पिठात घालून खायची, वाईट वर्षी त्यांच्यावरच दिवस काढायचे. बियांचं तेल काढायचं. आणि राहिलेल्या फुलांचं काय करायचं हे तर सर्वांना ठाऊकच आहे. पाण्यात भिजवायची, आंबू द्यायची, मडक्यावर मडकं चढवून चुलीवर ठेवायची. देवाला आधी तीच, लग्नाला तीच, मयतीला तीच. झाड अंगणातलं, चूल घरातली, मडकं कुंभाराचं. सरकारचा कुठं संबंधच नव्हता.

सरकारला नेमकं हेच खटकलं. इंग्रज आला आणि त्यानं अबकारी आणली. घरी गाळणं हा गुन्हा झाला. ठेका घेऊन विकणं हा व्यवसाय झाला. म्हणजे दारू वाईट असं इंग्रजानं कधीच म्हटलं नाही. फुकटची दारू वाईट, एवढंच त्याचं म्हणणं होतं. दुकानांचे लिलाव व्हायचे, जो चढती बोली बोलेल तो ठेकेदार. आमच्या वॉर्डातली भट्टी अशाच कुठल्या तरी ठेक्यातून जन्मली, असं आजोबांचं म्हणणं. तेव्हा ती खरोखर भट्टी होती; फुलं बैलगाडीनं यायची आणि वास खांब तलावापर्यंत जायचा म्हणत. आजोबा पीत नसत. पण वास कुठवर जायचा, हे त्यांना बारीकसारीक माहीत होतं.

मग स्वराज्य आलं. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात लिहून ठेवलं की राज्यानं मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा. तिकडे मुंबई राज्यानं १९४९ चा दारूबंदी कायदा केला. आम्ही त्या वेळी मध्य प्रदेशात होतो. १९५६ साली भाषावार फेररचनेत आम्हाला उचलून मुंबई राज्यात ठेवलं, आणि १९५९ साली तो मुंबईचा कायदा विदर्भालाही लागू झाला. राजधानीहून आमच्यापर्यंत यायला रस्ते, कालवे, कारखाने यांना फार वेळ लागला. दारूबंदी मात्र तीन वर्षांत पोचली. भट्टीचं पुढचं दार बंद झालं. आजोबांच्या मते त्याच आठवड्यात मागचं उघडलं.

पुढं बंदी सैल होत गेली. सरकारला एक शोध लागला होता: लोक पितातच, तर आपण का उपाशी राहा? १९७३ साली महाराष्ट्र देशी दारू नियम झाले आणि आमच्या भट्टीचं पुढचं दार पुन्हा उघडलं. खिडकीवर पाटी लागली: 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान.' पण आता आत फूल नव्हतं. आली ती बाटली.

या बाटलीची गंमत बघा. तिचं नाव देशी. ती बनते उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटवर. ऊस मुख्यतः पश्चिमेकडचा. आमचा हा भाग धानाचा, तलावांचा, मोहाचा. म्हणजे आमच्या दारात जे झाड उभं आहे त्याची दारू बेकायदा, आणि कित्येक कोस लांबच्या उसाची ती 'देशी'! वर तिला संत्र्याचा वास लावतात. आमच्या विदर्भाचा या व्यवहारातला वाटा काय, तर वास! दुसरीकडे निळ्या दिव्यांच्या बारमध्ये मिळतं त्याचं सरकारी नाव आहे 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य'. सोलापुरी बनावटीचं काश्मीर म्हणावं तसं! देशी देशातली नाही, विदेशी विदेशातली नाही, आणि दोन्ही विकण्याचा परवाना मिळतो तो दारूबंदी कायद्याखाली. होय, हसू नका. राज्यातलं प्रत्येक दारूचं दुकान त्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कृपेनंच चालतं. पिणाऱ्यालासुद्धा परवाना लागतो. देशीसाठी दोन रुपयांचा आणि विदेशीसाठी पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना कायद्यात सांगितला आहे, आणि तो दिला जातो 'आरोग्याच्या रक्षणासाठी'. म्हणूनच बारला 'परमिट रूम' म्हणतात. आमच्याकडं आमदार व्हायला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात आणि पव्वा घ्यायलाही पंचवीस. दोन्ही ठिकाणी जबाबदारीचं काम आहे म्हणून असेल.

अर्जात हे सगळं कसं लिहायचं? मी पान उलटलं.

पुढचा मोठा प्रसंग २०१६ चा. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको. १ एप्रिल २०१७ पासून अंमल. हेतू चांगला होता. ट्रकवाल्यानं पिऊन गाडी चालवू नये. पण आमचा भंडारा वसलाय मुंबई-कोलकाता महामार्गावर, पूर्वीचा सहा नंबर, आताचा त्रेपन्न. गावाच्या पोटातून महामार्ग गेलेला. त्या महिन्यात गावात टेपा निघाल्या. ज्यांनी जन्मात आपलं शेत मोजलं नाही ते लोक रस्ता मोजू लागले. सरळ मोजायचं की वळणावळणानं, यावर चौकाचौकात जे वाद झाले तेवढे मी तीस वर्षं भूमिती शिकवून वर्गात कधी ऐकले नाहीत. आमची भट्टी मापात सापडली आणि बंद झाली. पुढं न्यायालयानं शहरी हद्दीपुरता खुलासा केला आणि ती पुन्हा उघडली. मधल्या काळात गावात दारू कमी झाली का? भट्टीसमोर फुटाणे विकणारा म्हणाला, "नाई जी. नुसतं अंतर वाढलं."

हे झालं बाटलीचं. फुलाचं काय झालं? फूल आपलं गळतच होतं. पण ते साठवायला परवानगी, न्यायला परवानगी, आणि घरी मडकं चढवलं तर पोलीस. झाडीतल्या कुठल्याही गावात जा, मोहाच्या दोन शिशा विकल्या म्हणून ठाण्यात बसवलेली एखादी म्हातारी तुम्हाला भेटेल. तिनं विकलं ती 'हातभट्टी', गुन्हा. खिडकीतून विकलं तो महसूल. मी हातभट्टीची भलामण करत नाही. मुंबईत मालवणीला २०१५ साली विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, ती कुणी विसरू नयेत. पण तिथं माणसं मारली ती कारखान्यातल्या मिथेनॉलनं, मोहाच्या फुलानं नव्हे. रागावताना तरी योग्य बाटलीवर रागवावं.

शेवटी २०२१ साली सरकारला पाझर फुटला आणि मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्या-नेण्यावरचे निर्बंध सैल झाले. शेजारच्या मध्य प्रदेशानं, ज्यात आम्ही एकेकाळी होतो, तर मोहाच्या दारूला 'हेरिटेज'चा दर्जा दिला. आदिवासी बचत गटांनी ती बनवावी असा नियम केला, तो चांगला. पण आता शहरातली शौकीन मंडळी मोहाचं कौतुक करू लागली आहेत. काचेचा उंच ग्लास, त्यात लिंबाची चकती, बरोबर फुलाच्या इतिहासावर चार वाक्यं. आमच्या म्हातारीला ठाण्यात बसवलं तेव्हा हा वारसा कुठं होता? गरिबानं प्यायली तर व्यसन, मध्यमवर्गानं प्यायली तर कंपनी, आणि श्रीमंतानं प्यायली तर वारसा. या तीन शब्दांवर आपला सगळा दारूविषयक विचार उभा आहे. मी हे वाक्य अर्जात घातलं आणि मग खोडलं, कारण अर्जावर सही करणारे दुसऱ्या वर्गातले होते.

इतक्यात मावशी आल्या. मावशी आमच्याकडं भांडी घासतात, गेली अठरा वर्षं. त्यांचा नवरा भट्टीचा जुना सभासद. बिड्या वळून, भांडी घासून त्यांनी दोन पोरी शिकवल्या. नवऱ्याच्या मजुरीच्या दिवशी संध्याकाळी त्या भट्टीच्या कोपऱ्यावर उभ्या राहायच्या. तो खिडकीशी पोचायच्या आत पैसे हातात पडले तर घरात किराणा, नाही तर नाही. मी कित्येक वर्षं त्यांना तिथं उभं पाहिलं आणि मान खाली घालून गेलो. नाक धरून धावण्यापेक्षा हे काही फार वेगळं नव्हतं, हे आता कळतं.

"काय लिहून राह्यले गुर्जी?"

मी मोठ्या अभिमानानं अर्ज वाचून दाखवला. भट्टी हटवा! मला वाटलं, या बाईच्या डोळ्यांत पाणी येईल. मावशींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"हटवून कोठी नेनार जी?"

"गावाबाहेर."

"आमी तं गावाबाहेरच राह्यतो न जी."

मी गप्प. खरंच, अर्जात जी मोकळी जागा सुचवली होती ती त्यांच्या झोपडपट्टीला लागून होती. सभेत कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल.

"आतां निदान यायला-जायला अर्धा तास लागते त्याले," मावशी म्हणाल्या. "तेवड्यात मी पैसे काढून घेतो. दारातच आनली भट्टी तं काय करू मी? तुमच्या लेकरांवर संस्कार, आन माह्या पोरींवर?"

मग त्यांनी मला २०१७ ची गोष्ट सांगितली. भट्टी बंद झाली तेव्हा पहिले चार दिवस नवरा कुठं जावं हे न सुचून घरीच बसला होता. एका सकाळी त्यानं धाकट्या पोरीची वेणी घालून दिली. वाकडी घातली. पोरगी तशीच शाळेत गेली, दिवसभर सोडली नाही तिनं. पाचव्या दिवशी त्याला कुणीतरी दुसरा रस्ता दाखवला.

"चार दिवस होते जी," मावशी म्हणाल्या. "पर होते."

भांडी उचलता उचलता त्या म्हणाल्या, "हटवा नोका लिहू, गुर्जी. बंद करा लिहा. आन लिहाचंच हाय तं त्या निळ्या लायटीवाल्याचं बी लिहा. तेथं जाऊन येनारे का दूध पिऊन येतेत?"

तीस वर्षं मराठी शिकवून मला जो शब्द सुचला नाही तो या बाईंनी दुरुस्त करून दिला. हटवणं आणि बंद करणं यात फरक आहे. ज्याला घाण आपल्या नजरेआड व्हावी एवढंच वाटतं, तो हटवा म्हणतो. इंग्रजानं चुलीवरून हटवून ठेकेदाराकडं नेली. दारूबंदीनं पुढच्या दारातून हटवून मागच्या दारी नेली. न्यायालयाच्या टेपेनं पाचशे मीटर हटवली. आता आम्ही सुसंस्कृत लोक तिला मावशींच्या उंबऱ्यावर हटवायला निघालो होतो. इतक्या वर्षांत सरकारनं विचारलं, ठेकेदारानं विचारलं, शौकिनांनी आणि संस्कारवाल्यांनीही आपली मतं मांडली. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला कुणी विचारलं नाही.

तसं विचारायची सोय आहे. २००८ सालचा सरकारी आदेश आहे. वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानाबाबत मतदान घेतात. चिन्हं दोनच: उभी बाटली आणि आडवी बाटली. बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक जणींनी आडवीला मत द्यावं लागतं. झालेल्या मतदानाच्या निम्मं नव्हे, एकूण महिलांच्या निम्मं. म्हणजे जी बाई त्या दिवशी घरी राहिली तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. आमचे नगरसेवक या हिशेबानं निवडून यायचे ठरवले तर नगरपालिका रिकामी राहील. पण बाटलीला ही सवलत आहे. तरीही महाराष्ट्रात कित्येक गावांत बायकांनी बाटली आडवी करून दाखवली आहे.

मी जुना मसुदा फाडला आणि नवा लिहिला. भट्टी हटवू नका. भट्टी आणि बार, दोन्हींबाबत मतदान घ्या. आणि ते होईपर्यंत यांतलं कोणतंही दुकान झोपडपट्टीजवळ नेऊ नका.

पुढच्या सभेत तो वाचून दाखवला. 'भट्टी' या शब्दापर्यंत माना डोलत होत्या. 'आणि बार' आलं आणि पार्किंगमध्ये अशी शांतता पसरली की वरच्या मजल्यावरचा कुकर ऐकू आला. एकजण म्हणाले, बार हा वेगळा विषय आहे, तिथं फॅमिली येते. दुसरे म्हणाले, त्यानं रोजगार मिळतो. तळमळीचे साहेब घड्याळ बघू लागले. शेवटी अध्यक्षांनी समारोप केला, "गुर्जी, भाषा जरा जास्तच कडक झाली." आणि अर्ज पुढील सभेपर्यंत स्थगित ठेवण्यात आला. पुढील सभा अजून भरायची आहे.

अर्ज मात्र स्थगित नाही. तो मावशींच्या पिशवीत आहे. बिड्यांच्या सुपाशेजारी, पाण्याच्या नळावर, रेशनच्या रांगेत त्यावर सह्या होत आहेत. पहिली सही मावशींची, धाकट्या पोरीनं हात धरून शिकवलेली. दुसरी आमच्या सौभाग्यवतींची. मीही पेन काढलं होतं. तर मावशी म्हणाल्या, "नाई जी गुर्जी, हे बायांचं हाय."

जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज लिहून दिले आणि खाली कुठंतरी माझीही सही असायची. हा पहिलाच अर्ज, ज्यावर माझी सही चालत नाही. तेवढा एकच नीट लिहिला गेला आहे.